‘सेव्ह केलंस का?’ : संगणकावरच्या नकाशांची साठ वर्षं

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत माझी नात आमच्याकडे आली होती. ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिने जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचा विषय घेतला होता. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातल्या टेबलावरून हाक आली, "आजोबा, सगळं गेलं!" लॅपटॉपचा पडदा गोठला होता. तीन तासांचं काम त्यात अडकलं होतं. चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना जो प्रश्न विचारत आलो तोच मी तिलाही विचारला, "सेव्ह केलंस का?"

नव्हतं केलं. मग आम्ही दोघांनी बसून रात्री दीडपर्यंत ते काम पुन्हा केलं. मध्येच ती म्हणाली, "आजोबा, पन्नास-साठ वर्षं लोक हे सॉफ्टवेअर लिहिताहेत. ते अजूनही असं कोसळतं कसं?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर रात्री दीड वाजता देता येण्यासारखं नव्हतं. मंडळाच्या संपादकांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं की तेच उत्तर लिहावं. भूगोल हा माझा विषय. या सॉफ्टवेअरचा बराचसा इतिहास मी वापरणारा म्हणून जवळून पाहिला आहे. शेवटी आमच्या घरची एक गोष्टही आहे, कारण तिच्यामुळेच हा इतिहास मला नीट कळला.

पंच कार्डांचे दिवस

१९७४ साली मी पुण्याहून पीएच.डी.साठी मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात आलो. पुण्यात आम्ही नकाशे शाईने, टोकदार निबाने, ट्रेसिंग कापडावर काढत असू. इथे आल्यावर प्राध्यापकांनी हातात कार्डांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, नकाशा यातून निघेल.

त्या प्रोग्रामचं नाव सायमॅप. हॉवर्ड फिशर हे शिकागोचे वास्तुरचनाकार. त्यांनी १९६३ च्या सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्याची कल्पना मांडली आणि बेटी बेन्सन या प्रोग्रामरने ती प्रत्यक्षात आणली. १९६५ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने फिशर यांनी हार्वर्डमध्ये संगणक-आलेखनाची प्रयोगशाळा काढली आणि तिथून सायमॅप देशभरच्या विद्यापीठांत गेला. त्याचा नकाशा अक्षरांचा असे. तेव्हाच्या प्रिंटरला रेषा काढता येत नसे, फक्त अक्षरं छापता येत. म्हणून फिकट छटेसाठी एक टिंब, गडद छटेसाठी एकाच जागी ओ, एक्स, ए अशी अक्षरं एकावर एक छापायची. दुरून पाहिलं की नकाशा दिसे.

कार्डं संध्याकाळी खिडकीवर द्यायची आणि निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा. एक कार्ड उलटसुलट झालं तर नकाशाऐवजी चुकीचा संदेश छापलेला एक कागद मिळे आणि एक दिवस वाया जाई. नातीला हे सांगितलं तेव्हा तिला आधी हसू आलं. मग ती म्हणाली, "पण निदान कार्डं तरी तुमच्या हातात राहायची." हे मात्र खरं होतं. काम कोसळलं तरी मूळ माहिती कागदावर शाबूत असे.

रांगोळीचे ठिपके

सायमॅप चित्र काढत असे. नकाशातल्या माहितीचा हिशेब करणारी पहिली मोठी प्रणाली उभी राहिली ती कॅनडात. कॅनडा सरकारला देशातली कुठली जमीन शेतीला, जंगलाला, वन्यजीवांना, पर्यटनाला योग्य आहे याची पाहणी करायची होती. त्यातून हजारो नकाशे होणार होते. ते हाताने एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळं मोजायला माणसं पुरली नसती. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने हे काम संगणकाला द्यावं असं सुचवलं आणि साठच्या दशकात आयबीएमच्या मदतीने कॅनडा जिऑग्राफिक इन्फर्मेशन सिस्टिम तयार झाली. जीआयएस हे नाव तिथूनच रूढ झालं.

तिथली पहिली अडचण वेगाची होती. माहिती चुंबकीय टेपवर असे आणि टेप कॅसेटसारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचावी लागे. आता आपल्या रांगोळीचा विचार करा. सोळा बाय सोळा ठिपके आहेत आणि ते ओळीने टेपवर लिहिले आहेत. एखाद्या ठिपक्याचा उजवीकडचा शेजारी टेपवर लगेच पुढे मिळेल, पण त्याच्या खालचा शेजारी सोळा ठिपके दूर असेल. देशभराच्या नकाशात हेच अंतर प्रचंड होतं. शेजारचं शेत पाहायला टेप कुठल्या कुठे पळवावी लागते.

आयबीएममधल्या गाय मॉर्टन यांनी १९६६ मध्ये यावर उपाय मांडला. आधी चार ठिपक्यांचा एक छोटा चौकोन मोजायचा, मग त्याच्या बाजूचे तीन चौकोन, मग त्या चार चौकोनांचा मिळून एक मोठा चौकोन धरून पुढे जायचं. अशा क्रमाने लिहिलं की कागदावरचे शेजारी बहुतेक वेळा टेपवरही जवळ येतात. टेप गेल्या, पण मॉर्टनचा हा क्रम आजही मोठ्या डेटाबेसमध्ये वापरला जातो. नकाशा वेगाने उघडतो तेव्हा त्यामागे यंत्राच्या ताकदीइतकाच अशा मांडणीचाही वाटा असतो.

फटी आणि गाठी

दुसरी अडचण जास्त चिवट होती आणि माझ्या नातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. एकच नदी दोन खात्यांनी काढली. एकाने जमिनीच्या प्रतीचा नकाशा केला, दुसऱ्याने तालुक्याच्या हद्दीचा. दोन्ही नकाशांत हद्द त्याच नदीने जाते, पण दोन माणसांच्या हाताने काढलेल्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत. हे नकाशे एकमेकांवर ठेवले की दोन रेषांच्या मध्ये शेकडो बारीक फटी तयार होतात. प्रत्यक्षात त्या जागा नसतातच, पण संगणक त्या प्रत्येकीला शेत समजून मोजत बसतो.

त्यात संगणकाच्या अंकगणिताची मर्यादा असते. एकाला तीनने भागलं तर आपण ०.३३३ लिहून थांबतो, तसंच संगणकालाही कुठेतरी थांबावं लागतं. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू काढताना शेवटचा आकडा असा तोडला जातो आणि तो बिंदू दोन्ही रेषांपासून किंचित बाजूला पडतो. पुढच्या पायरीला प्रोग्राम विचारतो, हा बिंदू रेषेच्या डावीकडे की उजवीकडे? एका हिशेबाने उत्तर डावीकडे येतं, दुसऱ्याने उजवीकडे. मग प्रोग्राम एकाच जागी घुटमळत राहतो किंवा कोसळतो. नकाशाचं सॉफ्टवेअर पत्रं लिहिण्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त अडखळतं त्याचं हे एक मोठं कारण आहे.

यावर दोन बाजूंनी काम झालं. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९७० च्या जनगणनेसाठी रस्त्यांचे नकाशे डाइम नावाच्या पद्धतीने नोंदवले. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची दोन टोकं आणि डावी-उजवीकडचे ब्लॉक लिहायचे. मग संगणक स्वतःच तपासू शकतो की ब्लॉकभोवती फिरून आपण मूळ जागी परत येतो की नाही. येत नसेल तर कुठेतरी तुकडा राहिला आहे. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात ओडिसी हा प्रोग्राम झाला. त्यातल्या व्हर्लपूल या भागाने ‘इतक्या अंतराच्या आतले बिंदू एकच समजा’ असा नियम नकाशे एकमेकांवर ठेवण्यात आणला. फटी त्यामुळे मिटल्या. पण हे अंतर जपून ठरवावं लागतं. माझ्या एका विद्यार्थ्याने ते जरा सढळ हाताने दिलं आणि त्याच्या नकाशातला एक अख्खा ओढा नाहीसा झाला.

नकाशा टेबलावर येतो

ओडिसी लिहिणाऱ्यांपैकी स्कॉट मोअरहाउस पुढे कॅलिफोर्नियात रेडलँड्स इथल्या एसरी कंपनीत गेले. जॅक आणि लॉरा डेंजरमंड या दांपत्याने १९६९ मध्ये ती स्थापन केली होती. १९८२ मध्ये त्यांचं आर्क/इन्फो आलं आणि १९८६ मध्ये ते पीसीवरही आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी रेन्सेलर इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी मॅपइन्फो सुरू केलं. कपाटाएवढ्या यंत्रांचं काम टेबलावर आलं. पण त्या पीसीत डॉसच्या प्रोग्रामना साधारण ६४० किलोबाइट एवढीच मेमरी मिळे. आज फोनवर काढलेला एक फोटो तेवढ्यात मावत नाही.

त्या काळात दोन मोठे नकाशे एकमेकांवर ठेवायचे तर यंत्र रात्रभर चालू ठेवावं लागे. मुलं पडद्यावर चिठ्ठी चिकटवून घरी जात, ‘हात लावू नका, नकाशा चालू आहे.’ माझी एक विद्यार्थिनी मातीचे प्रकार आणि पाणलोट क्षेत्रं यांचा मेळ घालत होती. पहिल्या रात्री प्रोग्राम मध्येच थांबला, दुसऱ्या रात्रीही थांबला. ती रडकुंडीला आली. तिसऱ्या दिवशी आम्ही नकाशाचे चार तुकडे केले आणि एकेक चालवून पाहिला. तीन तुकडे सुखरूप पार पडले. चौथ्यात एका शेताची हद्द स्वतःलाच छेदून गेली होती, दोऱ्याला गाठ पडावी तशी. ती सोडवली आणि काम तासाभरात झालं. तेव्हापासून मी वर्गात सांगत आलो की सॉफ्टवेअरला शिव्या देण्यापूर्वी आपल्या नकाशातल्या गाठी शोधा. अर्थात चांगल्या सॉफ्टवेअरने गाठ कुठे आहे ते सांगायला हवं. मुकाट्याने मरून पडणं हा काही उपाय नव्हे.

इलिनॉयमधल्या शँपेनला अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून ग्रास हे सॉफ्टवेअर तयार होत होतं. त्याची रचना वेगळी होती. प्रत्येक काम म्हणजे एक स्वतंत्र छोटा प्रोग्राम. आपल्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलं म्हणून शेजारच्या शेगडीवरची भाजी बिघडत नाही, तसं एक प्रोग्राम पडला तरी बाकीचं शाबूत राही. लष्कराने नव्वदच्या दशकात काम थांबवल्यावर विद्यापीठांतल्या लोकांनी ते उचललं आणि ते आजही चालू आहे. त्याच काळात आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत ग्रॅम प्लस प्लस हे देशी सॉफ्टवेअर तयार होत होतं, याची आपल्या वाचकांना नोंद असावी.

आईचा नकाशा

आता घरची गोष्ट. माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढलं आणि गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं. १९९६ मध्ये आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. बर्फामुळे तिला बाहेर पडता येईना. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने पन्नासच्या दशकात छापलेले भारताचे नकाशे होते. अडीच लाखात एक या प्रमाणाचे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अडीच किलोमीटर. त्यात धरणापूर्वीचं खोरं दिसत होतं. आजोळचं गाव म्हणजे नुसता एक ठिपका.

मी नदी, पायवाटा आणि ठिपके संगणकावर उतरवून घेतले. आई शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि बोटाने दाखवत सांगू लागली, "हितनं खाली उतरलं की देऊळ. त्याच्या अंगाला वड. तिकडं धुणं धुवायचा खडक." छापील नकाशात यातलं काही नव्हतं. तिच्या आठवणीतून मी त्रेचाळीस जागा नोंदवल्या आणि प्रत्येकीपुढे ती जे सांगेल ते टाइप केलं. देवनागरीची सोय नव्हती म्हणून रोमन लिपीत. काही नोंदी पानभर झाल्या. आई २००९ मध्ये गेली.

मूळ काम एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्या काळी ते मला सगळ्यात भरवशाचं वाटे. माझ्याकडे असताना ते कधीच कोसळलं नाही. कंपनी पुढे बंद पडली. २०१९ मध्ये मी ती फाइल उघडायला गेलो तर जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेना आणि ती फाइल दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रामला वाचता येईना. कधीही न पडलेल्या त्या सॉफ्टवेअरने सगळंच स्वतःबरोबर नेलं.

सुदैवाने १९९६ मध्येच एका विद्यार्थ्यासाठी मी त्याची एक प्रत शेपफाइल या स्वरूपात काढून दिली होती. शेपफाइल हे एसरीनेच नव्वदच्या दशकात आर्कव्ह्यूसाठी आणलेलं साधं स्वरूप. १९९८ मध्ये त्यांनी त्याची रचना जाहीरपणे छापली, त्यामुळे कुणालाही ते वाचणारा प्रोग्राम लिहिता येतो. जाणकार त्याला नावं ठेवतात आणि त्यात तथ्य आहे. एका नकाशासाठी निदान तीन फाइली सांभाळाव्या लागतात. त्यातली कुठलीही फाइल २ गिगाबाइटच्या पुढे नेता येत नाही. रकान्याचं नाव दहा बाइटांचं. युनिकोडच्या नेहमीच्या लेखनात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, कानामात्राही वेगळी धरून, तीन बाइट घेतं. त्यामुळे रकान्याला ‘गाव’ हे नाव देता येतं, पण ‘तालुका’ मावत नाही, ‘ताल’ एवढंच बसतं. आणि मजकुराच्या एका नोंदीत जास्तीत जास्त २५४ अक्षरं.

ती शेपफाइल उघडली. नदी आली, पायवाटा आल्या, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जागा आल्या. पण आईच्या लांब नोंदी २५४ व्या अक्षराला तुटलेल्या होत्या. देवळाची नोंद ‘मागे डोह आहे, त्यात श्रावणात’ इथेच संपते.

मग आज काय?

नातीला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे आता सुधारलंय की नाही?"

सुधारलंय, आणि बरंच. जुने ३२ बिटांचे प्रोग्राम जास्तीत जास्त ४ गिगाबाइट मेमरीचा पत्ता ठेवू शकत आणि विंडोज त्यातली साधारण निम्मीच प्रोग्रामला देई. नकाशा मोठा झाला की गुदमरायला होई. २०१५ मध्ये आलेलं आर्कजीआयएस प्रो ६४ बिटांचं आहे. जुन्या आर्कमॅपला निरोप देण्यासाठी कंपनीने १ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली. दुसरीकडे अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये लिनक्सवर नकाशे पाहता यावेत म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. तोच आजचा क्यूजीआयएस. तो फुकट आहे आणि जगभरचे लोक मिळून तो लिहितात. २०१४ मध्ये त्यात नकाशाचे थर एकाच वेळी समांतर काढण्याची सोय आली, त्यामुळे एक जड थर बाकीच्यांना अडवून ठेवत नाही. २०१५ पासून ते दरवर्षी एक दीर्घ मुदतीची आवृत्ती देतात. तिच्यात नवं काही न घालता फक्त दोष काढत राहतात. ज्याला पदवीचं काम वेळेत द्यायचं आहे त्याने तीच वापरावी.

फाइलींचंही तसंच. २०१४ मध्ये जिओपॅकेज हे खुलं मानक आलं. त्यात सगळं एकाच फाइलमध्ये राहतं आणि लांब मजकूर, मराठी नावं विनासायास मावतात. लिहिताना वीज गेली तर फाइल एकतर जुन्या स्थितीत राहते किंवा नव्या, अर्धवट राहत नाही.

पण यंत्र मोठं झालं तसे आपले नकाशेही मोठे झाले. उपग्रहांची चित्रं आली, प्रत्येक घराची बाह्यरेषा आली. रेषा छेदण्याचं गणित मात्र आजही तेच आहे आणि शेवटचा आकडा आजही कुठेतरी तोडावाच लागतो. म्हणून साठ वर्षांनंतरही सॉफ्टवेअर अधूनमधून कोसळतं. नातीचे तीन तास गेले ते दोन तासांत परत मिळाले. आईचं वाक्य ज्या फाइलमध्ये पुरं होतं, ती मात्र मजबूत सॉफ्टवेअरच्या पोटात राहिली. सॉफ्टवेअर किती टिकाऊ हे विचारताना मी आता आधी विचारतो की ते बनवणारे उद्या नसले तर माझी फाइल कोण वाचेल.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गावाकडचे जुने नकाशे, जमिनीचे उतारे, वडीलधाऱ्यांनी काढून दिलेल्या खुणा असतील. मुलांना सांगून त्या संगणकावर आणा. पण खुल्या स्वरूपात ठेवा, दोन जागी ठेवा आणि दर चार-पाच वर्षांनी उघडून पाहा. मुख्य म्हणजे सांगणारी माणसं आहेत तोवर करा.

त्या सुट्टीत नातीने आजीचा, म्हणजे तिच्या पणजीचा, नकाशा जिओपॅकेजमध्ये उतरवला. तुटलेल्या नोंदींसाठी आम्ही कऱ्हाडला मावशीला फोन लावला. मावशी सत्त्याऐंशीची आहे. डोहात श्रावणात काय होत असे ते तिला आठवेना. "पण डोह देवळाच्या मागं नव्हता रे," ती म्हणाली, "म्होरं व्हता." नातीने दोघींचं म्हणणं दोन वेगळ्या रकान्यांत, मराठीत, नोंदवलं आणि मी विचारायच्या आत सेव्ह केलं.